भागूची जागा

जुन्नरला बायकांचा दवाखाना निघाला आहे आणि तिथे शिकलेली मदतनीस हवी आहे, असं कळलं तेव्हा माझा बी.ए.चा निकाल नुकताच लागला होता. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. ती पेटीत ठेवून स्वस्थ बसणं मला पटेना. वडील म्हणाले, "आधी बघून ये, मग ठरव." आम्ही मूळचे इंदूरचे. पुण्यात राहून वर्षं झाली, तरी तोंड उघडलं की लोक विचारतात, "तुम्ही कुठल्या मुलखाच्या?"

खेडपर्यंत टांग्याचा रस्ता बरा आहे, पुढे हाडं खिळखिळी होतात. मंचरच्या धर्मशाळेत मुक्काम केला. शिधा बरोबर न्यावा. बाजाराचा दिवस नसला तर भाजी मिळत नाही. सकाळी घोडा लंगडू लागला आणि टांगेवाल्यानं हात वर केले. तेव्हा शेजारच्या खोलीतल्या सारजाबाईंनी आपल्या बैलगाडीत जागा दिली. त्या डिंगोऱ्याच्या. सुनेला, अनुसयेला, तिच्या घोडेगावच्या माहेराहून त्याच दवाखान्यात नेत होत्या.

"दोन गेली," त्या म्हणाल्या. "जन्मली ती गारच. ही तिसरी खेप. डाक्टरीणबाई म्हणल्या, दिस भरायच्या आधीच आणून ठिवा."

अनुसया खाली बघत होती. घोड नदीत चाकं आसापर्यंत बुडाली तेव्हा तिनं माझा हात धरला, तो नारायणगावपर्यंत सोडला नाही. तिथे झाडाखाली बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला.

"ताई, लगीन?" सारजाबाईंनी विचारलं.

"नाही झालं."

"एवढं शिकल्यावर कोन करतंय! नवऱ्याला रोज धडा म्हणून दाखवावा लागंल."

अनुसया खुदकन हसली. त्या प्रवासात ती तेवढी एकदाच हसली.

जुन्नरला पोचेतो दिवस मावळला. एका मारवाडी शेटजींच्या ओसरीवर झोपलो. सकाळी अनुसयेला कळा सुरू झाल्या.

दवाखाना त्याच शेटजींच्या जुन्या घरात, बोळाच्या टोकाला. ओसरीवर दोन्ही भिंतींना टेकून बायका बसलेल्या. आतल्या दाराशी एक घोंगडी अंथरलेली होती, शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या. गाडीनं पाय अवघडले होते. जागा रिकामी दिसली, मी बसले.

एक मूल रडत होतं, त्याच्या आईनं त्याला छातीशी दाबलं. शेजारणीनं पदर ओढून घेतला. कुणीच माझ्या तोंडाकडे बघेना. सगळ्या माझ्या पावलांकडे बघत होत्या. मग एका म्हातारीनं पुढे सरकून माझ्यासमोर भाकरीचा तुकडा ठेवला.

"ताई," सारजाबाई हळूच म्हणाल्या, "ती भागूची जागा."

"कोण भागू?"

"दवाखान्यात आलेली पैली बाळंतीण. आत न्यायच्या आधी हितंच गेली, पोटातल्या लेकरासकट. आजून आत जायच्या पाळीची वाट बघती. तिला इचारल्याबिगर कुणी आत गेलं तर मागनं धरती. आमी इचारतो, ती गप ऱ्हाती, म्हंजी जा म्हनती."

मी उठू लागले.

"उठू नका! तुमी उठला म्हंजी ती उठली, आत चालली. मग माज्या सुनेनं कवा जायचं?"

आतून डॉक्टरीणबाईंनी हाक दिली, "पुढची कोण? लवकर या!"

अनुसया चौकट धरून माझ्यासमोर उभी राहिली. कपाळावरून घाम ओघळत होता. "भागूबाई, तुज्या आधी जाऊ का?"

रोज इथे उत्तर नसायचं. आज जागेवर माणूस होतं, आणि सगळ्या उत्तराची वाट बघत होत्या. मी भागू नाही, हे सगळं खोटं आहे, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण सारजाबाईंनी सुनेचं मनगट धरून तिला रस्त्याकडे वळवायला सुरुवात केली होती.

"जा बाय," मी म्हणाले. "मी बसते हितं."

असं मी कधीच बोलत नाही. आवाजही जड, घशाच्या तळातून आल्यासारखा.

"आन् लेकरू?"

"ते तुजं."

ती आत गेली. मग एकेक बाई येऊन विचारत राहिली, मी जा म्हणत राहिले. चैत्राचं ऊन बोळात तापत होतं आणि माझ्याखालची घोंगडी मात्र गार पडत चालली होती. कमरेपर्यंत बधिर झाले तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. बारीक, मग चांगलंच चिडलेलं. साऱ्या बायकांनी माझ्यासमोरच्या जमिनीला हात लावला. पायांना कुणी लावला नाही.

सारजाबाई डोळे पुसत आल्या. गुळाचा खडा त्यांनी माझ्या हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला. "पोरगी हाय. दोघी बऱ्या हायत. ताई, लई उपकार झालं. पर आता परत येऊ नका. तुमी गेला की ती बी जाईल तुमच्यासंगं. तिला पुन्हा हितं आणू नका."

मी उठले. बोळाच्या तोंडाशी पोचून वळून पाहिलं, तर एक पोरसवदा बाई त्या घोंगडीवर बसलीसुद्धा होती, पाय पसरून.

परतीचा टांगा सरळ मिळाला. घरी वडिलांनी विचारलं, "ठरलं का?" मी नाही म्हणाले. कारण फक्त आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि त्या रात्री माझं अंथरूण आपल्याजवळ घातलं.

मनाजोगतं काम गेलं, याचं दुःख आहे. मी खोटं बोलले की काय, याचा निवाडा अजून होत नाही. जे बोलले ते सगळं माझंच होतं का, हेही सांगता येत नाही. पोरगी रडली, हे खरं.

तुम्ही जुन्नरला जाल तर दवाखाना जरूर बघा. तिथे मदतीला माणूस हवं आहे. ओसरीवर आता कुठेही बसता येतं. माझी ओळख मात्र सांगू नका.