तीन मिनिटं आणि पाच मुद्दे

आमच्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रकं आली. वडील सभांमधून गठ्ठे आणत. मी अक्षरं त्यांवरच शिकले. त्यामुळे भांडण झालं की मी बोलत नाही, लिहून देते.

माझी मैत्रीण पोलीस भरतीची तयारी करत होती. नांदुऱ्याच्या मैदानावर ती धावायची, आमच्या बोलीत 'पयायची', आणि मी मोबाइलवर वेळ लावून प्रत्येक फेरीला ओरडून सांगायची. आठशे मीटर, चार फेऱ्या. तीन मिनिटांच्या आत आली तरच तिला आशा होती, आणि भरती पंधरा दिवसांवर होती.

एका सकाळी मैदानावर सराव घेणारे सर म्हणाले, "आधी पोरांचं होऊ द्या." ऊन चढेपर्यंत मुली बसून राहिल्या. मैत्रीण मुकाट्याने बुटांच्या नाड्या बांधत होती. ती सरांना काहीच बोलली नाही, म्हणून संध्याकाळी मी तिच्या हातात कागद ठेवला. वर 'निषेध', खाली पाच मुद्दे, शेवटी सही.

दुसऱ्या दिवसापासून मी नुसते आकडे सांगू लागले. पूर्वी आकड्यामागे "हाण वं, दोनच राह्यल्या" असायचं. तिची वेळ वाढत गेली. तीन पाच. तीन नऊ. तीन चौदा. मुठी आवळलेल्या, खांदे कानांपर्यंत चढलेले, दुसऱ्याच फेरीत धाप. मला दिसत होतं. पण माझा एकही मुद्दा चुकीचा नव्हता, म्हणून मी आकडेच सांगत राहिले.

चौथ्या दिवशी ती चुन्याच्या रेघेवरच बसली.

"तू टाइम सांगतं का शिक्षा सुनावतं वं?"

"सरांपुढं काऊन नाही बोलली तू?"

"पयाच्या आधी भांडलं का मले कापरं भरते, पाय उचलत नाही. पयणं झाल्यावर बोलणार होती. तं तुनं कागदच देल्ला." मग म्हणाली, "पाचवा मुद्दा तं समजलाच नाही मले."

मी आठवून पाहिला. "मलेही नाही समजून राह्यला."

आम्ही दोघी हसलो, बराच वेळ.

ती पुन्हा उभी राहिली. पहिल्या फेरीला मी ओरडले, "त्रेचाळीस. मुठी सोड वं माय." तिने बोटं मोकळी केली. शेवटी मोबाइलवर दोन अठ्ठावन्न होते. मी दोनदा पाहिलं.

धापा टाकतच ती सरांकडे गेली. "उद्यापासून आम्ही आधी पयतो, सर. ऊन आमालेही लागते."

सरांनी वेळ विचारली, ऐकली आणि "बरं," म्हणाले.

माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. मी तिची पाण्याची बाटली धरून उभी राहिले. तेव्हा कळलं, चार दिवस माझेही खांदे वरच होते.