टोमॅटोची मर आणि पैरा

भर दुपारी टोमॅटोची सात-आठ झाडं मान टाकून उभी होती. पानं मात्र हिरवीगार, आणि पाणी तर सकाळीच दिलं होतं. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली, तेव्हा मी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दुपारी ती पटेना. एक झाड उपटलं, बुडापाशी खोड कापलं आणि पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरलं. थोड्या वेळानं कापलेल्या जागेतून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला. ही खूण मला मालकांनी, माझ्या नवऱ्यानं, शिकवली होती. ते जाऊन तीन वर्षं झाली. ही मर मातीतून येते, तिला औषध नाही. झाडं उपटून जाळायची, त्या रानातून निघताना पाय आणि खुरपं धुवायचं आणि पुढची दोन-तीन वर्षं मका करायचा.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पैरा होता. आमच्या येळ्ळूरच्या शिवारात बायका मजुरी न घेता पाळीपाळीनं एकमेकींची भांगलण, म्हणजे खुरपून तण काढणं, करतात. माझ्यानंतर त्या खालच्या रानातल्या आक्काच्या टोमॅटोत जाणार होत्या, त्याच खुरप्यांनी. त्यांना नको म्हणायला हवं होतं. पण मालक गेल्यापासून माझ्या रानात माणसाचा आवाज होतो तो पैऱ्याच्या दिवशीच. मुलीचा फोन रविवारी. एरवी मी म्हशीशी भांडते, आणि तिलाही माझा कंटाळा आलाय. मी गप्प बसले. सुकलेली झाडं पहाटेच उपटून टाकली. बायका आल्या, त्यांनी भांगलण केली, माझ्या भाकरीला नावं ठेवत बुट्टी रिकामी केली. बऱ्याच दिवसांनी मी पोट धरून हसले.

महिन्याभरानं आक्का एक मलूल झाड घेऊन दारात आली. "ह्येला काय झालंय बघ गं." मी पेला भरला. धागा उतरला तसं सांगून टाकलं, की पैऱ्याआधीच मला ठाऊक होतं.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पेल्याकडं बघतच म्हणाली, "सांगितलं असतंस तर भांगलायला न्हाय आलो असतो. च्या प्यायला आलोच असतो की."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दोघींचीही झाडं जाळली, आणि पैऱ्यातून मीच बाहेर पडले. मक्याचं हे दुसरं वर्ष. एकटीच भांगलते. चहाला अजून कुणी आलेलं नाही.