तेराव्या शर्यतीचा रकाना

दिगंबरराव गेल्याची बातमी मला दोनदा आली, आणि दोन वेगवेगळ्या नावांनी आली. मी सोयगावला बहिणीकडे होतो, तिच्या नातवाचं बारसं होतं. त्या गडबडीत माझा मोबाइल सकाळपासून आतल्या खोलीत चार्जिंगला पडलेला. चारच्या सुमारास तो हातात घेतला, तर वैशालीचे, म्हणजे दिगंबररावांच्या पुण्याच्या मुलीचे, सहा फोन येऊन गेलेले. पण माझी नजर आधी गेली ती खाली आलेल्या एका इंग्रजी निरोपावर. तोही तिनंच लिहिलेला, वडिलांच्या मोबाइलवरून. ‘आदरणीय जॉर्ज, माझे बाबा आज पहाटे झोपेतच गेले. ते तुमच्याविषयी फार बोलायचे, म्हणून कळवते आहे...’ जॉर्ज म्हणजे मी. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला, पुंडलिकनगरातल्या निळ्या फाटकाच्या घरात एकटा राहणारा मी. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. आता महिना उलटून गेला, म्हणून सांगतो.

दिगंबरराव मूळचे पिशोरचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. शिकून फिटर झाले, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागले आणि त्या कारखान्यानं त्यांना तरुणपणी दोन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवलं, यंत्रांचं काम शिकायला. तिथल्या धुरकट गावात त्यांना कुणी ओळखीचं नव्हतं. आठवडाभर काम आणि शनिवारी काय करायचं ही पंचाईत. घरमालकीणबाईंनी एका शनिवारी त्यांना सोबत नेलं, ते स्पीडवेच्या मैदानावर. स्पीडवे म्हणजे मोटारसायकलची शर्यत. विटांच्या चुऱ्यासारखी लाल माती पसरलेला लांबट गोल रस्ता, चार रायडर, चार फेऱ्या, आणि एका मिनिटात खेळ खलास. गाडीला ब्रेक नाही. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डावा पाय मातीत टेकवत गाडी वळवायची. इंजिनात एरंडेलाचं तेल जळायचं, त्याचा वास सगळ्या मैदानावर पसरायचा. “गुरुजी, तो वास आला आन् मला रडूच फुटलं बघा,” ते सांगायचे. “आमची आई दिव्यात एरंडेल घालायची. इतक्या लांब येऊन घरचा वास!” त्या दिवसापासून दर शनिवारी ते तिसऱ्या वळणावरच्या कठड्याला टेकून उभे राहू लागले. तिथले नेहमीचे प्रेक्षक हातात प्रोग्रॅमची छोटी पुस्तिका घेऊन प्रत्येक शर्यतीनंतर गुण भरतात. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. दिगंबरराव ते आकडे मराठीत भरायचे. शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्यांना त्याची फार गंमत वाटायची म्हणे.

त्यांचा रायडर होता वॉरन. ऑस्ट्रेलियाहून आलेला. त्या काळी तिकडून बरीच पोरं यायची, मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत ब्रिटिश संघांकडून पळायची आणि थंडी पडली की घरी परतायची. कोणी व्हॅनमध्येच झोपायचं, कोणी एखाद्या प्रेक्षकाच्या घरी भाड्यानं राहायचं. त्यातले काही पुढे मोठे झाले. वॉरन काही मोठा झाला नाही, बहुतेक वेळा राखीवच असायचा. पण एकदा खेळ संपल्यावर कठड्यापाशी सही देताना त्यानं दिगंबररावांना विचारलं, तू कुठला? हे म्हणाले, भारतातला, आमच्याकडे मेंढरं असतात. त्याचे डोळे चमकले. आमच्याकडेही, किती आहेत तुमची? यांनी ऐटीत सांगितलं, साठ. मग यांनी त्याला विचारलं. “त्यानं आकडा सांगितला आन् मी गपच झालो. तेवढी मेंढरं आख्ख्या कन्नड तालुक्यात नसतील!” हे सांगताना दिगंबरराव मांडीवर थाप मारून हसायचे, प्रत्येक वेळी जणू पहिल्यांदाच सांगताहेत असे.

मी ही गोष्ट किमान शंभर वेळा ऐकली असेल. आमची ओळख झाली तेव्हा त्यांच्या पत्नीला जाऊन वर्ष झालं होतं, आणि माझ्या पत्नीला चार वर्षं. गल्लीत त्यांचं घर माझ्यापासून तीन घरं सोडून समोरच्या बाजूला. रोज साडेपाचला ते गॅलरीत येऊन काचेच्या ग्लासावर चमचा वाजवायचे. चहा झाला, असा त्याचा अर्थ. स्पीडवेत एखादा रायडर वेळेवर सुरुवातीच्या फितीपाशी आला नाही की घंटा वाजते, आणि तिथून दोन मिनिटांत तो हजर झाला नाही तर बाद. “घंटा झाली, गुरुजी!” गॅलरीतून आवाज यायचा आणि मी चपला शोधत धावायचो. खरं सांगायचं तर मला त्या खेळातलं काडीचंही कळत नव्हतं. पण साडेपाचला आपल्यासाठी कुणीतरी चमचा वाजवतं, हे त्या वयात फार मोठं असतं.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट तेराव्या शर्यतीची, आणि ती ते फक्त मलाच सांगायचे. मोसमाचा शेवटचा शनिवार, दिगंबररावही दुसऱ्या आठवड्यात भारतात परतणार. शेवटच्या, तेराव्या शर्यतीवर सगळा सामना लटकलेला आणि नेमकी फितीपाशीच वॉरनच्या गाडीची चेन तुटली. दोन मिनिटांची घंटा झाली. तो हेल्मेटसकट मधल्या गवतातून धावत सुटला, सोबत्याची गाडी ढकलत घेऊन आला, अगदी शेवटच्या क्षणी पोचला, सगळ्यांच्या मागून निघाला आणि कठड्याला घासत अर्ध्या चाकानं जिंकला. “आमच्या अंगावर ही लाल माती! कुणालाबी पुसायची शुद्ध नाय.” त्या दिवसाची पुस्तिका अजून कपाटात आहे, असं ते म्हणायचे. दाखवा म्हटलं की, दाखवीन कधीतरी, एवढंच उत्तर.

तीनेक वर्षांपूर्वी वैशालीनं त्यांना नवा मोबाइल घेऊन दिला. त्यावर त्यांना एक गट सापडला, ब्रिटनच्या शर्यतींत पळालेल्या ऑस्ट्रेलियन रायडरांच्या आठवणी तिथले जुने प्रेक्षक त्यावर लिहितात. दिगंबरराव हरखून गेले. रोज मला वाचून दाखवायचे, कोणाच्या बापानं कोणाला घरी जेवू घातलं, कोणी कोणाचं तुटलेलं हँडल जपून ठेवलंय. मग त्यांनी धीर करून वॉरन कुणाला आठवतो का, एवढंच विचारलं. दोन महिने झाले, उत्तर नाही. पुन्हा विचारलं, नाही. एका संध्याकाळी चहा तसाच ठेवून ते म्हणाले, “गुरुजी, तिथं वॉरन कुणालाच आठवत नाय. मंग तो नव्हताच का? आन् तो नव्हता, तर मी तरी होतो का तिथं?”

ते मला सहन झालं नाही. त्याच आठवड्यात मी जॉर्ज नावानं खातं उघडलं. फोटोच्या जागी मोटारसायकलचं चित्र लावलं आणि त्यांना लिहिलं, की मीही तिसऱ्या वळणावर उभा असायचो, वॉरन मला चांगला आठवतो, ती तेरावी शर्यत तर कोण विसरेल, अर्ध्या चाकानं जिंकला होता! पाठवून दिलं आणि कॉपी करताना सापडलेल्या विद्यार्थ्यासारखा बसून राहिलो. उत्तर यायला बराच वेळ लागला. मग आलं. ‘आभारी आहे, जॉर्ज. त्या शर्यतीचा असा शेवट आठवणारा मी एकटाच आहे असं वाटत होतं.’ दुसऱ्या दिवशी चहाला त्यांनी मला सगळं सांगितलं. “जॉर्ज म्हणून भेटलाय एक. बरा माणूस दिसतो. पर इंग्रजी लई शुद्ध लिहितो हो. तिथं असं कुणी बोलत नाय. मास्तर असंल.” मी चहात बिस्किट बुडवत राहिलो, ते विरघळून तळाशी गेलं.

असं दोन वर्षं चाललं. त्यांनी मला सांगितलेलं मी जॉर्ज होऊन त्यांना परत सांगायचो. पण हळूहळू ते जॉर्जला असं काही लिहू लागले जे मला कधी बोलले नव्हते. दुपारी घर खायला उठतं. पत्नीची साडी अजून दांडीवर तशीच आहे. ‘माझा एक मित्र आहे, शिक्षक. त्याला या खेळातलं काहीच कळत नाही, तरी रोज ऐकायला येतो. त्याच्या तोंडावर मी हे म्हणू शकत नाही, पण तो आला नाही की माझा दिवस बुडतो.’ हे वाचून मी डोळे पुसले आणि साडेपाचला काहीच माहीत नसल्यासारखा त्यांच्यासमोर जाऊन बसलो. बोलू शकलो असतो. पण बोललो असतो तर जॉर्ज मेला असता, आणि त्यांना पुन्हा एकटं करायची माझी हिंमत नव्हती. शिवाय लाजही वाटत होती, तेही लपवत नाही.

सोयगावला असताना, बारशाच्या आदल्या दुपारी, जॉर्जला निरोप आला. ‘काल संध्याकाळपासून छातीत जड वाटतंय. माझा मित्र गावाला गेलाय. घंटा वाजवलीय. बघू, येतो का.’ मी जॉर्जच्या नावानं लगेच लिहिलं, डॉक्टरांकडे जा, मुलीला फोन करा. आणि मग माझ्या स्वतःच्या नावानं त्यांना फोन लावला. “कसे आहात?” “मजेत हाय की, गुरुजी. बारशाचं जेवण जेवूनच या.” मी विचारू शकलो नाही की छातीचं काय. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, तुम्हाला कुणी सांगितलं? साडेचारची एसटी होती. मी बहिणीच्या ओट्यावर बसून ती जाताना पाहिली. उद्याचा कार्यक्रम उरकून निघू, असं ठरवलं. पहाटे ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर वैशाली एक खाकी पाकीट घेऊन माझ्या दारात आली. “काका, हे बाबांच्या कपाटात होतं. वर जॉर्ज लिहिलंय. पण पत्ता विलायतेचा नाही.” तिनं पाकीट पुढे धरलं. दिगंबररावांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘जॉर्ज, निळं फाटक, पुंडलिकनगर.’ तिनं माझ्या फाटकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, “माझंच आहे, बाळ.” ती माझ्या पाया पडून गेली.

पाकिटात ती पुस्तिका होती. पानं पिवळी पडलेली, एका कोपऱ्यावर लाल मातीचा डाग अजून शाबूत. प्रत्येक रकान्यात बारीक मराठी आकडे, तीन, दोन, एक, शून्य... मी उलटत उलटत शेवटच्या पानावर आलो. तेरावी शर्यत. वॉरनच्या नावापुढे तीनचा आकडा नव्हता. तिथं लिहिलं होतं, ‘बाद’. वॉरन दोन मिनिटांत पोचलाच नव्हता. तो अर्ध्या चाकाचा विजय दिगंबररावांनी पिशोरला परतल्यावर कधीतरी स्वतःसाठी रचला असणार, आणि जगात तो त्यांनी फक्त मला सांगितला होता. म्हणजे जॉर्जचं पहिलं वाक्य वाचतानाच त्यांना कळलं होतं की जॉर्ज कोण आहे. दोन वर्षं ते जे काही लिहीत होते, ते मलाच लिहीत होते. तोंडावर म्हणता येत नाही ते म्हणायची आम्हा दोघांना मिळालेली ती एकच जागा होती, आणि ती मोडू नये म्हणून त्यांनी मला शेवटपर्यंत पकडलं नाही.

वैशालीनं घर बंद करून किल्ली माझ्याकडे ठेवली आहे. रोज साडेपाचला मी जाऊन गॅलरीचं दार उघडतो, थोडी हवा खेळू देतो. काचेचा ग्लास कठड्यापाशीच्या स्टुलावर आहे, चमचा त्यातच. मी तो उचललेला नाही. त्या दुपारी त्यांनी घंटा वाजवली होती ती मलाच. सोयगावच्या ओट्यावर मला ती स्पष्ट ऐकू आली होती... आणि मी बसून राहिलो.