पट्ट्याबाहेरचं गाव

उमरगा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत मी भूगोल शिकवते. वायुदाबाचे पट्टे मला शिकवायला आवडतात. सूर्य उत्तरेला सरकला की पट्टेही त्याच्यामागं थोडे सरकतात, दक्षिणेला गेला की परत येतात. पुढचा भूकंपाचा धडा मात्र मी दरवर्षी घाईनं उरकते. मी सहा वर्षांची असताना आमचं गाव भूकंपात पडलं, थोरला भाऊ त्यात गेला. वर्गात मी हे कधी बोलत नाही.

यंदा नववीच्या वर्गात नकाशा लावला आणि पॅसिफिकभोवतीचा भूकंपाचा पट्टा दाखवला. मग भूमध्य समुद्रापासून हिमालयापर्यंत जाणारा दुसरा पट्टा दाखवत पट्टी फिरवली. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. नकाशात आपला जिल्हा कुठल्याच पट्ट्यात दिसत नाही, मग आपल्याकडं भूकंप कसा झाला, असं तिनं विचारलं. तिची आजी त्यातच गेली होती. उत्तर मला येत होतं. तरी उद्या सांगते म्हणाले आणि फळ्याकडं वळले.

तेवढ्यात आवाज आला. आधी वाटलं, कुणाच्या तरी विहिरीवर सुरुंग उडाला. पण सुरुंगाचा आवाज एकदाच होतो आणि विरतो. हा पायाखालून आला, गुरगुरत लांबला. वरचे पत्रे थरथरले. खिडकीचे गज वाजले.

पुढचं मला नीट आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी मैदानाच्या मधोमध उभी होते, एका पायात चप्पल नव्हती आणि आसपास एकही मूल नव्हतं.

मी वळून पाहिलं. वर्गाचं दार सताड उघडं होतं. आत पस्तीस पोरं बाकांखाली डोकं घालून, मानेवर हात धरून बसली होती. आपत्तीच्या सरावात मीच त्यांना तसं शिकवलं होतं, आणि सांगितल्याशिवाय कुणी उठायचं नाही असंही बजावलं होतं. ती माझ्या सांगण्याची वाट बघत होती. आवाज केव्हाच थांबला होता.

आतून त्याच मुलीनं विचारलं, "मॅडम, आता येऊ का भाईर?"

मी हातानं खूण केली. एकेक रांग बाहेर आली, कुणी ढकलाढकली केली नाही. एकीनं माझी चप्पल आणून पायापाशी ठेवली.

काही पडलं नव्हतं, कुणाला लागलं नव्हतं. तासाभरानं तहसीलमधून निरोप आला की सौम्य धक्का होता, घाबरू नका. मुख्याध्यापकांना मी आपणहून सांगितलं की मी पोरांना सोडून पळाले. ते म्हणाले, असं होतं, मनावर घेऊ नका.

आई माझ्याकडंच राहते. तिला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तू त्या दिवशी मला कडेवर घेऊन बाहेर आलीस. मला मात्र पोरं आठवलीसुद्धा नाहीत."

आई ज्वारी निवडत होती. ती थांबली.

"म्या बी आदी एकलीच पळाले व्हते," ती म्हणाली. "भाईर आल्यावर ध्यान आलं, लेकरं आत हायती. मग फिरले. तू हाताला लागलीस. तुझ्या भावाकडं जायला वाट ऱ्हायली न्हाय."

इतक्या वर्षांत तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. पुन्हा ज्वारीकडं वळली. मी तिच्याजवळ बसून ज्वारी निवडू लागले.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले ते नकाशा न घेताच. काल मी तुम्हाला सोडून पळाले, ते चुकलं, असं सांगितलं. भाऊ कसा गेला तेही सांगितलं. मग त्या मुलीला उत्तर दिलं. पट्ट्यात भूकंप जास्त होतात, पण पट्ट्याबाहेरच्या जमिनीतही खोल, जुन्या भेगा असतात. तिथं ताण हळूहळू साठत जातो आणि कधीतरी सुटतो. कधी, ते कुणालाच आधी सांगता येत नाही. खोटा धीर द्यावासा वाटला, पण दिला नाही.

आठवड्याभरानं भरदुपारी पुन्हा तसाच आवाज आला. माझे पाय दाराकडं वळलेही. मी टेबलाची कड घट्ट धरली. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून डस्टर टेबलावर आपटलं. पोरं खाली बसली. मग मीही टेबलाखाली गेले, आणि जमीन शांत झाल्यावर सगळ्यांत शेवटी बाहेर पडले. मैदानात पोरं मोजली. पस्तीस भरली. तरी खात्री वाटेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजली.