झेडच्या पुढचं अक्षर

माझ्यासारखा येडा अख्ख्या सिंदी रेल्वे गावात दुसरा सापडला, तर चहा माझ्याकडून. आधी ऐका, मग शोधायला निघा.

नरूदादा, म्हणजे नरेश, माझा मोठा भाऊ. इथल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कॉम्प्युटरवर होता. कापसाच्या प्रत्येक गंजीला एक इंग्रजी अक्षर द्यायचं, म्हणजे कोणाचा माल कुठे पडला ते कळतं. त्यासाठी दादानं डेटाबेसमध्ये एक क्वेरी लिहिली होती. बटण दाबलं की ती मागचं अक्षर बघते आणि पुढचं देते. A, मग B, मग C. बस, एवढंच.

दादाची तेरवी झाली आणि जिनिंगच्या मालकानं, शेठजींनी, मला त्याच्या खुर्चीवर बसवलं. मी आठवी नापास. म्हणाले, आजचा दिवस बघतो. जमलं तर नरेशचीच क्वेरी चालवू, नाही तर उद्या नागपूरचा माणूस येईल, हे सगळं पुसेल आणि नवीन टाकेल.

पुसेल म्हणे! घरात दादाचं उरलं होतं काय? एक चपलेचा जोड आणि एक स्वेटर. बाकी दादा जो काही होता, तो या डब्यात.

नव्या हंगामाची पहिली गाडी आली. बटण दाबलं. पडद्यावर A आला, आणि खाली बारीक अक्षरात ‘नरेश’. क्वेरी आपण बनवली म्हणून दादानं स्वतःच नाव घालून ठेवलं होतं. आता सांगा, माणूस एकदा बघून थांबेल का? परत दाबलं. B, नरेश. C, नरेश. टेबलाखाली पाय हलतोय, वर बोट हलतंय.

W आला तसं माझं बोट हळू झालं. Z ला अक्षरं संपतात, एवढं आठवी नापासालाही ठाऊक असतं. Z आला. नुसता बघत बसलो. मग डोळे मिटून दाबलं.

AA. नरेश.

अरे, दादानं पुढचीही सोय करून ठेवली होती! AB, AC, AD... मी रडतोय की हसतोय ते मलाच कळेना, पण दाबत मात्र होतो.

एक गोष्ट मला कोणी सांगितलीच नव्हती. प्रिंटर गेटवर होता.

आणि गेटवर होते गजूभाऊ, जिनिंगचे जुने मुकादम. चिठ्ठी निघाली की खुंटी रोवायची, तिच्यावर चिठ्ठी लावायची आणि तेवढी जागा त्या गंजीसाठी राखायची, हा तिथला कायदा. चिठ्ठ्या निघत गेल्या, गजूभाऊ रोवत गेले. बांबू संपले तर तुरीच्या वाळक्या काड्या, तुऱ्हाट्या आणल्या. त्यांना वाटलं, शेठजींनी अख्ख्या तालुक्याचा कापूस घेतला. गाड्यांना आत उभं राहायला जागा उरली नाही, रांग पार रस्त्यावर गेली.

शेवटी घामाघूम होऊन ते ऑफिसात आले.

“बाबू, BK पर्यंत रोवल्या. आता बाजूच्या वावरात रोवू काय?”

त्यांच्या मागे शेठजी उभे. खिडकीतून त्यांनी ते खुंट्यांचं जंगल बघितलं आणि हळू आवाजात मला विचारलं, “मशीन बिघडली काय?”

हो म्हटलं असतं की सुटलो होतो. पण मग दादा पुसला गेला असता.

“नाई शेठजी. क्वेरी चांगली आहे. मीच दाबून राह्यलतो.”

“काऊन?”

“खाली दादाचं नाव येते.”

शेठजी खुर्चीजवळ आले, चष्मा वर केला आणि स्वतःच एकदा बटण दाबलं. BL, नरेश. तिकडे गेटवर प्रिंटर कुरकुरला.

“नागपूरवाल्याले येऊ नको म्हणून सांगतो,” ते म्हणाले. “नरेशची क्वेरी राहीन.”

मी पाया पडायला वाकलो.

“वाकलाच आहे तं बाहेर जाऊन खुंट्या उपट. या खुर्चीवर मी दुसरा माणूस पाहतो.”

तर झालं असं, त्या दिवशी जिनिंगमधून कोणाला तरी पुसायचं ठरलंच होतं. दादा राहिला. मी पुसला गेलो.