कोकिळाआत्या झोका सोडत नाही

असोद्यातल्या पोरींसमोर दोनच वाटा, बी.एड. नाहीतर लग्न. तोतारामनानांच्या मोनालीने तिसरीच काढली. माळ्यावर बसून ती मोबाइलचा गेम बनवत होती, जुन्या धाटणीचा, ठसठशीत चौकोनी ठिपक्यांचा. त्यात परकरातली पोर दोराला लटकून झोका घेते. झोक्यातच पायाने घंटा वाजवली की उजवीकडचं दार उघडतं. मग नेमक्या क्षणी हात सोडून दारात उडी.

पुण्याच्या एका कंपनीला नमुना आवडला. नोकरीआधी एकच अट राहिली. जन्मात गेम न खेळलेल्या माणसाने, कोणी काही न सांगता, पहिला टप्पा पार करायचा आणि त्याचं चित्रीकरण संध्याकाळपर्यंत पाठवायचं. नाही जमलं तर नाना तिला बी.एड.ला घालायला टपलेलेच होते.

तसा माणूस घरातच सापडला. आखाजीला, झोक्यांच्या सणाला, चाळीसगावहून नानांची थोरली बहीण कोकिळाआत्या माहेरी आली होती. मोबाइल तिला नातवंडांच्या फोटोंपुरता ठाऊक.

मोनालीने चित्रीकरण सुरू करून मोबाइल तिच्या हातात दिला. आत्याने पडद्यावरचा दोर धरला, झोका घेतला, घंटा वाजवली. दार उघडलं. मोनालीचा जीव भांड्यात पडला. पण आत्या काही हात सोडेना. चहा आला, निवला, तरी झोका चालूच. मोनालीला बोलायची बंदी, ती नुसती ओठ चावत बसली.

शेवटी नानांनाच राहवलं नाही. "अक्का, सोड ना आता. दार उघडं हाये."

"तू गप बस," आत्या मान वर न करता म्हणाली. "लग्नानंतरच्या माह्या पहिल्या आखाजीले बी तूच आला व्हता. उतर म्हने, सासरची गाडी आली. पोटभर झोका घेऊ दिला नाही मले."

नाना चष्मा पुसायला लागले.

"अन् त्या दारात कोन हाये व, मोनाली? इले कायले तिथं उतरवते?"

दारामागे कोण, हे मोनालीने ठरवलंच नव्हतं.

आत्याने झोका उंच मागे नेला आणि मागेच हात सोडला. पोर डाव्या कडेवरून पडद्याबाहेर गेली, जिथे मोनालीने काहीच काढलं नव्हतं. पडदा काळा झाला.

"आली घरी," आत्या म्हणाली आणि गार चहा प्यायली.

मोनालीला हसू येत होतं आणि रडूही. संध्याकाळी तिने चित्रीकरण होतं तसंच पाठवलं. सोबत लिहिलं: पहिला टप्पा पार झाला. दार चुकीच्या बाजूला होतं, ती चूक माझी.