तिसरा आरसा

प्रयोगशाळेत सगळे तिला आरसेताई म्हणत. अकरा आरसे असे लावायचे, की लेझरचा किरण पोलादी भांड्यातल्या प्लाझ्मातून, म्हणजे तापून विजेने भारलेल्या दाट वायूतून, आरपार जावा. प्लाझ्मा आत खदखदतो, किरण थरथरतो. त्या थरथरीवरून आतली खळबळ मोजायची. सांगायला काय जातंय? बारा वर्षं आरसे पुसून तिची बोटं झिजली, पण आलेखावर सपाट रेषेखेरीज काही उमटेल तर शपथ.

गेल्या आठवड्यात एकदाचा उंचवटा आला. चांगला ठसठशीत. साहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात. "गुरुवारी शोधनिबंध पाठवू. पाचवं नाव तुमचं," ते म्हणाले. नवऱ्याने बातमी गावभर केली. छापलेलं नाव स्वतः वाचायचं म्हणून सासूबाईंनी नवा चष्मा करायला टाकला.

आणि मंगळवारी माशी शिंकली. प्लाझ्मा कमी तापवा, जास्त तापवा, उंचवटा आपला जागच्या जागी. खळबळ कधी अशी ठाण मांडून बसते का?

"भांडं रिकामं ठेवून एकदा किरण सोडू या," ती म्हणाली.

"नसत्या शंका काढू नका," साहेब म्हणाले.

तिचं डोकं फिरलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे गेल्यावर तिने रिकाम्या भांड्यातून किरण सोडला. उंचवटा हजर. भांडं थंड ठेवणारा पाण्याचा पंप बंद केला. उंचवटा गायब.

तिसऱ्या आरशाचा स्टँड पंपाच्या चौथऱ्यावर होता; पंप धडधडला की आरसा थरथरायचा आणि किरणही. दुसरीकडे जागा नाही म्हणून गेल्याच आठवड्यात तिथे कुणी ठोकला? तिनेच, स्वतःच्या हाताने.

बुधवारी ती सगळ्यांवर खेकसत राहिली. घरी भाजी करपली, तेही नवऱ्याच्या माथी मारलं.

गुरुवारी सकाळी साहेब निबंध पाठवायला बसले, तेव्हा तिने रिकाम्या भांड्यातून किरण सोडून उंचवट्याचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि पंप बंद केला. रेषा सपाट. साहेबांनी निबंध पाठवायचं थांबवलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मग दोन दिवस तोंडाला कुलूप का घातलं होतंत?" साहेबांचा आवाज चढला.

तिने पाना उचलला आणि तिसऱ्या आरशाचा पहिला नट सैल केला.

"सासूबाईंचा चष्मा आज मिळणार आहे," ती म्हणाली.